पवनारची विश्रांती

मराठी गद्यात कष्टाविषयी पुष्कळ चांगले लिहिले गेले आहे. विश्रांतीविषयी मात्र फार थोडे. हे विधान वाचून कोणी लघुनिबंधाकडे बोट दाखवील, हे आम्ही जाणून आहोत. फडक्यांच्या 'गुजगोष्टीं'पासून पुढे या प्रकाराने आरामखुर्ची, पावसाची सर आणि चहाचा पेला यांचे कौतुक यथास्थित केले, आणि ते आम्हांसही एके काळी गोड लागले. परंतु ती विश्रांती प्रसन्न माणसाची विश्रांती होय. ज्याच्यावर काही कोसळलेले नाही, ज्याला उद्याची धास्ती नाही, अशा मनुष्याने दुपारी घटकाभर पाय पसरून बसणे हा एक सुखाचा भाग झाला. त्यात मोल ते काय? ज्या घरात मृत्यू येऊन गेला आहे, दीर्घ दुखणे मुक्काम ठोकून बसले आहे, अथवा मिळवत्या माणसाची नोकरी गेली आहे, त्या घरातील मनुष्याने थांबावे की न थांबावे, आणि थांबावयाचे तर कशापासून, हा खरा प्रश्न. त्याला आमच्या सुशिक्षित समाजाचे उत्तर ठरून गेलेले आहे. 'कामात मन गुंतवा' हे ते उत्तर. भेटावयास आलेला प्रत्येक पाहुणा ते जाताना उंबरठ्यावर ठेवून जातो.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक हिंगणघाटकडे राहतात. गतवर्षी त्यांची पत्नी दोन वर्षांच्या आजारानंतर वारली. चौदाव्या दिवशी ते शाळेत हजर झाले, आणि त्यांच्या धैर्याची सर्वत्र वाखाणणी झाली. त्या वाखाणणीत आम्हीही सामील होतो. पुढे तीन-चार महिन्यांनी एकदा ते म्हणाले, "सर, फळ्यावर लिहिता लिहिता हात मध्येच थांबतो आणि आपण कोणता विषय शिकवत होतो तेच आठवत नाही." त्यांस काय सांगावे हे आम्हांस सुचले नाही. सांत्वनाचा शब्द प्राध्यापकांपाशी असतोच असे नाही. पुस्तके मात्र असतात. म्हणून आम्ही त्यांस एक पुस्तक वाचावयास दिले. प्रस्तुत लेख त्या पुस्तकातील थोड्या पानांविषयी आहे.

विनोबांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांनी निरनिराळ्या प्रसंगी स्वतःविषयी जे सांगितले ते कालिंदीताईंनी वेचून एकत्र केले, आणि 'अहिंसा की तलाश' या नावाने ते हिंदीत ग्रथित झाले. पुस्तक बोलण्यातून निपजलेले असल्यामुळे त्यात बोलण्याचे गुण आहेत आणि दोषही आहेत. त्यातील पवनारच्या आगमनाची हकीकत जेमतेम काही पानांची आहे. तथापि संकटकाळच्या विश्रांतीविषयी मराठी मनुष्याने दिलेली इतकी नेमकी साक्ष आमच्या वाचनात दुसरी नाही.

हकीकत अशी. १९२१ साली विनोबा वर्ध्याला आले. १९३२ च्या अखेरीस त्यांनी गावाबाहेरील नळवाडी या हरिजनांच्या वस्तीत बिऱ्हाड केले आणि स्वतः कातलेल्या सुताच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग आरंभिला. दिवसाचे कितीतरी तास कताई, भोवती संस्थांचा व्याप, आणि मजुरी बेताची म्हणून आहारही बेताचा. १९३८ च्या आरंभी त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले. वय त्या वेळी अवघे ४२. वार्ता गांधीजींच्या कानी गेली. ते त्या वेळी जवळच शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, होते. त्यांनी विनोबांस बोलावून घेतले आणि म्हटले, माझ्यापाशी येऊन राहा, शुश्रूषा मी करीन. विनोबांचे उत्तर मोठे गमतीचे आहे. आपल्यामागे पन्नास कामे, त्यांतले रोग्यांची शुश्रूषा हे एक, आणि त्या रोग्यांतला मी एक. माझ्या वाट्याला कितीसे येणार, अशा आशयाचे ते बोलले. मग डॉक्टरांस दाखवा, असा आग्रह झाला. त्यावर डॉक्टरापेक्षा यमाच्या हाती जाणे बरे, असा जबाब. मग थंड हवेच्या ठिकाणांची नावे निघाली. ती सर्व बाजूस सारून विनोबांनी सांगितले की आपण पवनारला जाऊ. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर सुमारे सहा मैलांवर धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा बंगला होता. गांधीजींस ती निवड पसंत पडली. गरिबाला थंड हवेच्या ठिकाणी जाता येत नाही, हे त्यांनी बोलून दाखविले. आणि एक अट घातली, की जाताना सगळ्या संस्थांची, आश्रमांची चिंता येथेच टाकून जावयाचे, विचारसुद्धा करावयाचा नाही.

७ मार्च १९३८ रोजी विनोबा मोटारीने निघाले. इतके अशक्त झाले होते की पायी जाणे शक्य नव्हते. धामेच्या पुलावर मोटार आली तेव्हा त्यांनी संन्यास घेताना उच्चारावयाचे वचन तीन वेळा उच्चारले आणि नळवाडी, वर्धा, कताई, संस्था सर्व मनातून सोडून दिले. नदीच्या पलीकडे म्हणून त्या जागेचे नाव पुढे 'परंधाम' पडले. तेथे गेल्यावर त्यांनी केले काय? कुदळ घेऊन जमीन खणावयास आरंभ केला. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, मग दररोज थोडी थोडी वाढ, असे करता करता ते खणणे तासांवर गेले. पुढील काही महिन्यांत वजन ८८ वरून १२८ पौंडांवर गेले.

येथे आमचा वाचक क्षणभर अडखळेल, आणि अडखळावे हे योग्यच. ८८ पौंडांचा रोगी उन्हाळ्याच्या तोंडी वऱ्हाडच्या सीमेवरील काळी माती खणतो, ही विश्रांती कसली? अंथरुणावर पडून राहणे म्हणजे विश्रांती, अशी आपली समजूत असते. विनोबांच्या हकिकतीने ती समजूत एका बाजूने खोडली जाते. नळवाडीस असताना त्यांचे हात सूत कातीत होते, आणि सूत कातणे हे खणण्याहून पुष्कळ हलके काम. मग माणूस हलक्या कामाने झिजला आणि जड कामाने भरून आला, हे कसे? नळवाडीच्या प्रत्येक तारेवर हिशेब टांगलेला होता. इतके कातले तर इतकी मजुरी. इतकी मजुरी तर इतके अन्न. आणि त्या मजुरीवर मनुष्य जगू शकतो हे सिद्ध झाले तर देशातील लक्षावधी कातणारांचा प्रश्न सुटला. एका चात्यावर एवढे वजन. पवनारच्या कुदळीवर कसलेच वजन नव्हते. ती जमीन खणली काय न खणली काय, कोणाचेही काही अडत नव्हते. श्रम वाढले, भार गेला. एखादे काम चालू ठेवूनही त्याचा भार उतरविता येतो आणि काम पूर्ण थांबवूनही भार तसाच राहू शकतो, ही गोष्ट या हकिकतीत इतकी स्वच्छ दिसते की तिच्यापुढे उपदेशाची गरज उरत नाही.

शेतकऱ्याला हे बैलाच्या बाबतीत पूर्वीपासून ठाऊक आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी होते. बैलाच्या ज्या खांद्यावर जू असते त्या खांद्याला लोणी-हळद लावून शेकतात. पाय चोळीत नाहीत, खांदा चोळतात. वर्षभर बैल चाललेला असतो पायांनी, पण शिणलेला असतो तो खांद्याने. पोळ्याच्या दिवशी त्याला गावातून मिरवतात, म्हणजे चालवतातच. जू मात्र त्या दिवशी मानेवर येत नाही. (सिंदीचा तान्हा पोळा ज्यांनी पाहिला असेल त्यांस लाकडी बैलांच्या त्या मिरवणुकीचा अर्थ मुलांना सांगताना हीही गोष्ट सांगता येईल.) वारकऱ्यांचेही तसेच. पालखीच्या वाटेवरील दुपारच्या थांब्याला 'विसावा' म्हणतात. तेथे पालखी खांद्यावरून उतरते, अभंग चालूच असतात. ज्ञानेश्वरीपासून मराठीने हा शब्द जपला. 'आराम' आणि 'सुट्टी' हे शब्द त्याची जागा घेऊ लागले तेव्हापासून खांद्याची आठवण गेली आणि उरली ती केवळ कामाची व बिनकामाची वाटणी, असे आम्हांस वाटते.

आता या हकिकतीच्या मागे विनोबांचे चिंतन काय होते, ते पाहावयाचे तर 'गीताप्रवचने' उघडली पाहिजेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे अठरा प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. रविवार हा कैद्यांच्याही मोकळिकीचा दिवस; मराठीतील कर्मयोगाचा सर्वांत लोकप्रिय ग्रंथ आठवड्याच्या सुट्टीच्या दिवसांत सिद्ध झाला, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तुरुंग ही आपल्या वाङ्मयाची एक मोठी सक्तीची विश्रांती होऊन गेली आहे. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले गेले. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात. बाहेर असते तर या माणसांना इतका अवकाश कोणी दिला असता, आणि त्यांनी तो घेतला असता काय, याची आम्हांस शंका आहे.

'गीताप्रवचनां'च्या चौथ्या व पाचव्या अध्यायांत विनोबांचे सांगणे असे की, बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली म्हणजे कर्माचे ओझे उरत नाही. करणे आणि न करणे यांतला भेद मावळतो. सूर्य काही करीत नाही आणि सर्व काही त्याच्यामुळे होते, हा त्यांचा आवडता दृष्टांत. चौदाव्या अध्यायात रजोगुणाची जी चिकित्सा आहे ती तर विशेष मार्मिक आहे. चहूकडे धावणाऱ्या पाण्याची नदी होत नाही, अशा अर्थाचे ते तेथे सांगतात. आणि तमोगुणावर उपाय म्हणून शरीरश्रम सुचवितात. म्हणजे १९३८ साली जे घडले त्याचे सूत्र १९३२ मध्ये सांगून झालेले होते. मग प्रश्न असा की, ज्याने सूत्र सांगितले त्याच्यावरच सहा वर्षांनी ८८ पौंडांवर येण्याची पाळी का यावी? आम्हांस हा प्रश्न उपहासाने विचारावयाचा नाही. तत्त्व कळणे आणि खांद्याला हलके वाटणे यांत अंतर असते, एवढेच त्यावरून दिसते. आणि हे अंतर आपल्या वाङ्मयात क्वचितच कबूल केले जाते.

गांधीजींनी ते कबूल केले होते. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास मगनवाडीत असतानाच त्यांचा रक्तदाब वाढून ते कोसळले, आणि कित्येक आठवडे लिहिणे-वाचणे बंद झाले. १९३६ च्या फेब्रुवारीत 'हरिजन'मध्ये त्यांनी पुन्हा लेखणी धरली तेव्हा दोष श्रमांवर ढकलला नाही. मनाला कुरतडणाऱ्या चिंता आपण वाहिल्या, आणि गीतेतील अनासक्ती पुरती अंगी असती तर असे झाले नसते, अशा आशयाची ती कबुली आहे. दोन वर्षांनी विनोबांस जी अट त्यांनी घातली ती या दुखण्यातून आलेली दिसते. 'हवा बदला' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. 'विचार येथे टाकून जा' असे सांगण्यास स्वतः एकदा पडावे लागते.

येथवर प्रशंसा झाली. आता या निवेदनाविषयी आमची जी तक्रार आहे ती सांगतो. हे निवेदन फार सुरळीत आहे. पूल आला, वचन उच्चारले, चिंता गेली. ज्या मनुष्याने सतरा वर्षे वर्ध्याच्या कार्यात घालविली त्याला पवनारच्या बंगल्यातील पहिली रात्र कशी गेली असेल? पहाटे जाग येताच नळवाडीच्या चरख्यांची आठवण झाली नसेल काय? की झाली आणि ती परतविली? येथे विनोबा काही बोलत नाहीत. इंग्रजीत चार्ल्स लँबने १८२५ साली ईस्ट इंडिया हाउसची तीस वर्षांहून अधिक केलेली कारकुनी सुटल्यावर जो निबंध लिहिला, तो या बाबतीत आठवतो. लँबची विश्रांती ही पेन्शनराची. विनोबांच्या विश्रांतीशी तिची पातळी जुळावयाची नाही. पण मोकळीक मिळाल्यानंतर पहिले काही दिवस आपण कसे बावचळून गेलो, तुरुंगातून एकदम सुटलेल्या जुन्या कैद्यासारखे आपले कसे झाले, हे तो सांगतो. जुन्या कचेरीत उगीच जाऊन आपली खुंटी आणि मेज दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली कशी पाहिली, हेही सांगतो. विश्रांतीची सुरुवात सुखाची नसते, ती अवघडल्यासारखी असते, हे लँबच्या वाचकाला कळते. विनोबांच्या वाचकाला कळत नाही. आणि संकटातल्या माणसाला सर्वांत आधी गरज असते ती नेमकी याच माहितीची. आम्ही ज्या शिक्षकांचा उल्लेख केला त्यांनी पुस्तक परत देताना हेच बोलून दाखविले. ते म्हणाले, "पूल ओलांडला की सुटले, असे माझे होत नाही."

संतचरित्रांच्या परंपरेने आपल्याला एक सवय लावली आहे. दुखणे आले की त्यातून लगेच बोध निघावयाचा, आणि बोध निघाला की दुखणे विसरावयाचे. या परंपरेचा थोडा अंश विनोबांच्या बोलण्यातही उतरला आहे. परंतु त्याची भरपाई करणारी एक गोष्ट त्याच पानांत आहे, आणि ती बोधरूपाने येत नाही म्हणूनच आम्हांस प्रिय वाटते. पवनारची ती जमीन खणताना जुन्या मूर्ती सापडल्या. त्यांपैकी एक शिल्प राम-भरताच्या भेटीचे निघाले. 'गीताप्रवचनां'च्या बाराव्या अध्यायात विनोबांनी लक्ष्मण आणि भरत यांची तुलना केली होती: एक रामाजवळ राहून सेवा करणारा, दुसरा दूर राहून, आणि भरत-भेटीचे चित्र कोणी काढील तर किती छान होईल, अशी इच्छा प्रकट केली होती. सहा वर्षांनी ते चित्र मातीतून वर आले. चमत्कारावर आमचा विश्वास नाही. परंतु वाकाटकांच्या काळापासून वस्ती असलेल्या पवनारच्या मातीत शिल्पे असणे जितके साहजिक, तितकेच, ज्याला काही मिळवावयाचे नव्हते त्याच्या कुदळीला ते लागणे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. शिवाय भरताची गोष्ट येथे चपखल बसते. रामाबरोबर वनात जाणे हे कर्तृत्व. नंदिग्रामी थांबणे हे त्याहून अवघड. 'मी गेलो नाही' याची टोचणी ज्याला लागते अशा प्रत्येक थांबलेल्या माणसाने या शिल्पापुढे थोडा वेळ उभे राहावे. ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि तिचा रोख विनोबांपेक्षा आपणा सर्वांवर आहे. पवनारला जाण्यासाठी पवनारचा बंगला असावा लागतो. थंड हवेचे ठिकाण नाकारून विनोबांनी गरिबाशी नाते राखले हे खरे. तथापि जमनालालजींचा बंगला, मागे काम सांभाळणारे सहकारी, आणि 'विचार टाकून जा' म्हणणारा वडील माणूस, एवढी सामग्री त्यांस होती. खुद्द जमनालालजींना काय लाभले? दुसऱ्याच्या विश्रांतीला ज्यांनी घर दिले त्यांनी १९४१ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गोसेवेचे काम पत्करून गोपुरीच्या झोपडीत मनाची शांती शोधली, आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते एकाएकी वारले. विसाव्याचे त्यांना काही महिनेच मिळाले.

आणि ज्यांच्यापाशी झोपडीखेरीज काही नाही त्यांचे काय? २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत वर्धा जिल्हा होता. योजनेत थकलेल्या कर्जावरील व्याजाची माफी होती, हप्त्यांची फेररचना होती. अर्थशास्त्रज्ञांनी तिच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ केली. आम्ही तिच्याकडे आमच्या विषयाच्या अंगाने पाहतो. कपाशी बुडालेल्या मनुष्याला 'काही दिवस स्वस्थ राहा' असे सांगणे ही क्रूर थट्टा होते, कारण तो स्वस्थ राहिला तरी व्याज स्वस्थ राहत नाही. त्याचे जू मानेवर नसून वहीत आहे. ते उतरविण्यास दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो: सावकाराचा, बँकेचा, सरकारचा. त्याच्या मागे राहिलेल्या पत्नीची स्थिती तर आणखी बिकट. तिला दुःख करण्यापुरताही अवकाश नसतो. वेचणीचे दिवस असतील तर ती तेराव्याच्या आत शेतात असते, आणि तिच्या धैर्याची वाखाणणी करावयास कोणी येतही नाही. बर्ट्रंड रसेलने 'गीताप्रवचनां'च्याच वर्षी, १९३२ मध्ये, आळसाची स्तुती करणारा प्रसिद्ध निबंध लिहिला आणि दिवसाला चार तास काम पुरे, असा हिशेब मांडला. त्याच्या लेखनात विनोबांची खोली नाही. परंतु विश्रांती ही वाटणीची बाब आहे, काहींनी ती घेतल्यामुळे इतरांना ती मिळत नाही, हे जे त्याने स्पष्ट म्हटले ते आपल्या आध्यात्मिक गद्यात कोठेही आढळत नाही. ही उणीव मोठी आहे.

पवनारविषयी लिहिताना एका प्रकरणाला बगल देता येत नाही. १९७० मध्ये विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन धरले. त्या मौनाच्या मध्यावर, जून १९७५ मध्ये, देशावर आणीबाणी आली. जयप्रकाश तुरुंगात गेले आणि तेथे त्यांची प्रकृती ढासळली. पवनारहून बाहेर आला तो 'अनुशासनपर्व' हा एक शब्द, आणि सरकारने तो भिंतींवर रंगविला. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन राज्यकर्त्यांचे आणि अनुशासन आचार्यांचे. १९७६ च्या जानेवारीत पवनारला आचार्यांचे संमेलनही भरले. पण शब्द तोवर दुसऱ्याच्या हाती गेला होता. १९३८ ची निवृत्ती आणि १९७५ चे मौन ही एकाच मनुष्याची, एकाच नदीकाठची. तरी आम्ही ती एका मापाने मोजू शकत नाही. पहिल्या वेळी त्यांनी खाली ठेवला तो भार त्यांचा स्वतःचा होता, आणि तो सहकारी उचलू शकत होते. दुसऱ्या वेळी लोक जो भार घेऊन त्यांच्या दाराशी आले तो त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या शब्दाने हलका होण्यासारखा नव्हता. व्रताशी निष्ठा म्हणून त्यांच्या मौनाचे समर्थन करणारे अनेक थोर लोक आहेत. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. आमचे मत मात्र असे की, त्या वर्षी मौन सुटले असते तरी व्रताची प्रतिष्ठा कमी झाली नसती, आणि मौन राहावयाचे होते तर तो एक शब्दही बाहेर पडावयास नको होता.

यामुळे १९३८ ची साक्ष खोटी ठरत नाही. त्या विश्रांतीतून उठलेला मनुष्य १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारलाच वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण करून तुरुंगात गेला. आणि १९५१ च्या मार्चात तेथूनच जो पायी निघाला तो तेरा वर्षे देशभर चालत राहिला. १९३८ मध्ये ज्याला सहा मैलांसाठी मोटार लागली होती तोच हा.

आमचे ते शिक्षक पुस्तक परत देऊन गेले त्यानंतर आम्ही त्यांच्या मुख्याध्यापकांची गाठ घेतली. दोन सहशिक्षकांनी त्यांचे तास आपसांत वाटून घेतले, धाकटी मेहुणी मुलांपाशी येऊन राहिली, आणि महिन्याची रजा झाली. परसात त्यांनी वांगी लावली आहेत. पहिल्या आठवड्यात झोप मुळीच लागली नाही, असे ते सांगत होते.